फडताळातली आई

अक्का, त्या दिवशी सकाळी तुम्ही वैशूला कडेवर घेतलंत आणि म्हणालात, "चल गं, वासरू बघू." दोन वर्षांची पोर आनंदानं वासरू बघायला गेली. गोठा घराच्या मागच्या अंगाला. भिंतीपलीकडून तुमचा आवाज येत राहिला, "हे बघ कान, हे बघ शेपूट," आणि इकडे पुढच्या दारानं आम्ही दोघं नवरा-बायको पिशवी उचलून निघालो. आदल्या दिवशीच तुम्ही मला बजावलं होतं, "निघताना तिच्या तोंडाला हात लावू नको. मग ती बी रडंल आन् तू बी." मी हात लावला नाही. ओतूरच्या स्टँडवर कल्याणची एसटी लागलेलीच होती. माळशेज घाट उतरून आम्ही कल्याणला आलो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. यात कुणाचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. अंबरनाथला मोरिवलीत आमची रूम होती ती कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून. ह्यांना शिफ्टला जायला सोयीची म्हणून घेतलेली. संध्याकाळ झाली की कुठला तरी गॅस सुटायचा. डोळे चुरचुरायचे, दोरीवरच्या कपड्यांना वास बसायचा. मोठी माणसं खाकरून मोकळी व्हायची, पण वैशूची छाती भात्यासारखी चालायची. डॉक्टर म्हणाले, मुलीला हवा बदला. जणू हवा दुकानात बदलून मिळते. आम्हाला बदलण्यासारखी एकच हवा माहीत होती, ती तुमच्या दारातली. तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई. तुमचे दोन्ही मुलगे तोवर मोठे होऊन शाळेच्या बोर्डिंगात गेले होते. तुम्ही लगेच हो म्हणालात, आणि तुम्ही हो म्हणाल हे आम्हाला ठाऊकच होतं.

पोर नाही तर त्या रूममध्ये दिवसभर करायचं काय? मी कामाला लागले. उल्हासनगरात कॅम्प दोनला लहान मुलींचे फ्रॉक शिवायचा कारखाना होता. कारखाना कसला, दुकानाच्या मागं पत्र्याची शेड आणि दहा-बारा मशिनी. मी काज-बटणाला बसायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकींच्या फ्रॉकना बटणं लावायची आणि आपली लेक घाटावर. तिच्या मापाचा फ्रॉक हातात आला की मी तो बाजूला सारायचे, शेवटी करायचे. मालकाची म्हातारी आई दारात खुर्ची टाकून बसलेली असायची, तिला सगळे दादी म्हणायचे. कटिंग झाल्यावर जमिनीवर चिंध्यांचा जो ढीग पडतो त्याला तिथं कतरण म्हणतात. ती कतरण पोत्यांत भरून कारखान्यांना मशिनी पुसायला विकली जायची. एकदा मी मूठभर उचलली तर दादीनं विचारलं, "क्या करेगी इसका?"

मी म्हटलं, "बाहुली. लडकी के लिए. गाव में है."

दादी माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, पोत्यात हात घातला आणि लाल, पिवळ्या साटीनच्या पट्ट्या निवडून माझ्या ओच्यात टाकल्या. "सफेद मत ले, मैला हो जाता है," एवढंच म्हणाली. तिचंही कुणीतरी फाळणीत सिंधमध्ये मागं राहिलं होतं, असं मला नंतर दुसऱ्या बायकांकडून कळलं.

कतरणीची बाहुली करणं अवघड नसतं. वीतभर रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची. वरचा भाग दुमडून दोऱ्यानं आवळला की मान होते. दुसरी बारकी गुंडाळी आडवी घातली की हात. डोळे काळ्या दोऱ्याचे, दोन-दोन टाके. तोंड सगळ्यात शेवटी करायचं, कारण तोंड केलं की ती आपल्याकडे बघायला लागते आणि मग हात चालत नाही. बाहुल्या झाल्या, मग काडेपेट्या एकमेकींना चिकटवून मी कपाट केलं, त्याच्या खणांना फ्रॉकची उरलेली बटणं लावली. ओव्हरलॉक मशिनीच्या दोऱ्याचे पुठ्ठ्याचे कोन रिकामे झाले की त्यांचा पोपट व्हायचा, जोकर व्हायचा. पतंगाच्या कागदाचं भिरभिरं व्हायचं. चिकटवायला मैद्याची खळ. हे ड्यूटीवरून आले की स्टोव्हवरच्या पातेल्यात डोकावून विचारायचे, "आज पिठलं का?" मी हसायचे.

आपल्या गावचा नामदेव भाजीचा ट्रक घेऊन कल्याण मार्केटला यायचा. हे त्याला गाठून खोका त्याच्या हातात देऊन यायचे. खोका गेला की मी हिशेब मांडायचे, एव्हाना बाहुलीचा हात तुटला असेल, पोपटाची चोच गेली असेल, आता नवं करायला हवं. पाठ धरलेली असायची, डोळे मिटत असायचे, तरी मी करायला बसायचे. माझे हात तिच्यापर्यंत पोचत नाहीत, तर हातांनी केलेलं तरी पोचू दे, असं वाटायचं. तिनं मला विसरू नये, एवढंच मला हवं होतं. देवाकडेही त्या काळात मी दुसरं काही मागितलं नाही.

ह्यांची नोकरी तेव्हा टेम्परवारी होती, खाडा केला की नाव कटायची भीती. त्यामुळे आम्ही थेट दिवाळीला आलो. वैशू दारातच होती. मला बघून ती तुमच्या लुगड्याआड गेली. ते मी धरूनच चालले होते, त्याचं मला एवढं लागलं नाही. पण आत आले आणि भिंतीतलं फडताळ बघितलं. बाहुल्या ओळीनं उभ्या होत्या. कपाटाचे सगळे खण बंद. पोपटाची चोच शाबूत. भिरभिऱ्यावर एक सुरकुती नव्हती. मी पाठवलेलं सगळं तिथं होतं, धूळ पुसून, नीट मांडून.

मी एक बाहुली काढून वैशूपुढे धरली. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "हात न्हाई लावायचा," ती मला समजावून सांगायला लागली. "ते आईचं हाय."

तुम्ही चुलीपाशी बसून कौतुकानं सांगत होता, "येईल त्याला दावते मी. म्हनते, हिच्या आईनं धाडलंय. एवढं जिवापाड केलेलं, पोरीच्या हातात देऊन मोडू व्हय?"

तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आपल्याकडे कुणी हातानं केलेलं दिलं की ते वापरत नाहीत, जपतात. माझ्या लग्नात आलेल्या क्रोशाच्या रुमालांनी अजून कुणी तोंड पुसलेलं नाही. पण तिथं उभी असताना मला कळलं, की वैशूच्या लेखी आई म्हणजे उंचावर ठेवलेली, हात न लावण्याची वस्तू. घास भरवणारी, नाक पुसणारी, पाठीवर रट्टा देणारी ती मोठी आई, म्हणजे तुम्ही. तिनं तुम्हाला नुसतं आई म्हणावं असं तुम्ही एकदाही होऊ दिलं नव्हतं, इतक्या तुम्ही सरळ. त्या सरळपणानंच मला नेऊन वर बसवलं होतं. कुणावर रागवायचं हेही मला समजेना.

संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिच्यादेखत ती लाल बाहुली उसवायला घेतली. डोळे काढले, मान सोडली, हात उलगडले. वैशूनं भोकाड पसरलं. "अगं, काय करतीस? याड लागलं का?" म्हणत तुम्ही बाहेर आलात. मी सगळ्या चिंध्या तिच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हटलं, "आता तू कर." ती किती तरी वेळ नुसती हुंदके देत बसली. मग एक पट्टी उचलून गुंडाळली, ती सुटली. पुन्हा गुंडाळली आणि दोरा आवळायला माझ्याकडे दिला. माझं बोट तिच्या बोटाला लागलं, ते तिनं काढून घेतलं नाही. तिची बाहुली झाली ती बिनमानेची, एका अंगाला कललेली. ती घेऊन वैशू झोपली, पण झोपली तुमच्याच कुशीत.

त्यानंतर मी केलेलं काही पाठवलं नाही. नुसता माल पाठवायचे. कतरणीचं गाठोडं, रिकामे कोन, काडेपेट्या, बोथट कात्री. तुम्ही दोघी मिळून त्याचं काय काय करायचात आणि नामदेवच्या ट्रकमधून मला परत पाठवायचात. पोपटांना कोथिंबिरीचा वास यायचा. एकदा पाच पायांची गाय आली, पाचवा पाय म्हणजे म्हणे शेपूट. मी ती मांडून ठेवली नाही, उशाशी घेऊन झोपायचे. तेवढं शहाणपण मला आलं होतं.

परवा आमच्या वरच्या मजल्यावरची नवी सून आली होती. तिचंही बाळ साताऱ्याकडे आजीजवळ आहे, दोघं नोकरीला जातात. बाळाला हातानं करून काय पाठवू, विचारत होती. मी तिला हेच सांगितलं, केलेलं पाठवू नको, करायला पाठव. ती म्हणाली, "काकी, त्यापेक्षा गिफ्ट शॉपमधून टेडी घेऊ का?" घे म्हटलं. आता समजावायचाही कंटाळा येतो.

वैशू सहा वर्षांची झाली तोवर हे परमनंट झाले होते. अंबरनाथ पूर्वेला आम्ही ब्लॉक घेतला, कारखान्यांच्या वासापासून लांब, आणि तिला शाळेसाठी घेऊन आलो. मला वाटलं होतं, आता संपलं सगळं. पण दर शनिवारी शाळेतून आली की ती दप्तर ठेवून विचारायची, "आपण घरी कधी जायचं?" मी म्हणायचे, "अगं, हेच घर." ती मान हलवायची. वाद घालायची नाही, वेड्या माणसाची समजूत काढावी तशी मान हलवायची.

संध्याकाळी आम्ही दोघी चिंध्या आणि खळ घेऊन बसायचो. शाळेत हस्तकलेचा तास होता, पण तिथल्या बाईंना थर्मोकोल हवा असायचा, चमकी हवी असायची. वैशूनं काडेपेट्यांचं कपाट नेलं तर वर्गातल्या मुली हसल्या. "मम्मी, ऐसा नहीं चलता इधर," ती एक दिवस म्हणाली. ती हिंदी कधी शिकली आणि मी आईची मम्मी कधी झाले, मला कळलंच नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्याच पोरी तशा बोलायच्या. शनिवारचा प्रश्न मात्र ती न चुकता मराठीत विचारायची. मी थकून जायचे. दिवसभर कॅम्प दोनला मान मोडून काम करायचं, घरी येऊन तिच्याबरोबर कात्री धरायची, आणि एवढं करून ती विचारणार, घरी कधी जायचं. अक्का, आज सांगते, त्या दिवसांत मला तुमचा राग यायचा. ज्या बाईनं माझं लेकरू जगवलं तिचा राग.

तिसरीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात आम्ही गावी आलो. तुम्ही वर्षभर तिच्यासाठी साठवून ठेवलं होतं. जुन्या लुगड्यांचे काठ, मक्याच्या कणसांची वाळलेली सालं, कोंबड्यांची पिसं, एक टोपली भरून. दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही ती टोपली मधे घेतलीत आणि दोघी करायला बसलात. मी भिंतीला टेकून बघत होते. वैशूनं कणसाच्या सालांची बाहुली केली. छान केली, मानबिन सगळं होतं. मग ती तिनं बाजूला ठेवली, हात झटकले आणि तुमच्यासमोर मला विचारलं, "मम्मी, आपण घरी कधी जायचं?"

ह्याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं राबले होते. ते मला मिळालं तेव्हा तुम्ही सुईत दोरा ओवत होता. तुम्ही मान वर केली नाहीत. दोरा ओवून झाला, गाठ मारून झाली. मग म्हणालात, "जाल की. साळा सुरू व्हायच्या आदी जाल." उरलेली सालं टोपलीत भरलीत, हंडा उचललात आणि विहिरीवर गेलात. पाणी सकाळीच भरून झालं होतं. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. मी तिथंच बसून राहिले, तुमच्यामागं यायचंही मला धैर्य झालं नाही.

आता वैशू कॉलेजला जाते. घर कुठं असं कुणी विचारलं तर ती पटकन अंबरनाथ म्हणते, तिला त्यात काही अडचण वाटत नाही. मला वाटते. त्या दुपारपासून तुमच्यासमोर मी घर हा शब्द तोंडातून काढलेला नाही. इथून निघताना गावी जाते म्हणते आणि तुमच्याकडून निघताना अंबरनाथला जाते म्हणते. तुमच्या ते केव्हाच लक्षात आलं असणार. आम्ही परत आलो की वाण्याच्या दुकानातून तुमचा फोन येतो, त्यातही तुम्ही "पोचलात का" एवढंच विचारता. घरी पोचलात का, असं तुम्हीही कधी विचारलेलं नाही.