कपुरीच्या मळ्यात बंगला

आमच्या पानमळ्यात चपला घालून कुणी जात नसे, आणि बंगला पानाचं नाव कुणी काढत नसे. पहिला नियम देवासाठी होता, दुसरा आईसाठी. आमची पानं कपुरी. फिकट, लांबट, पातळ. बंगला पान रुंद, जाड, काळपट हिरवं. "थे पान नाई, पळसाची पत्रावळ हाय," आई म्हणायची.

खुडणीआधी बाबा तिला एक पान आणून देत. ती चावून "अजून कच्चं हाय" म्हणाली की खुडणी पुढे ढकलली जाई. सगळ्या गावावर गुरगुरणारे बाबा तिच्या जिभेपुढे मांजर होत.

नवं मराठी राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते. तेव्हा आईला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भाकर, मिरची, पान, तिला सगळं सारखंच. खुडणी तोंडावर आली तसं बाबांनी पान पुढे केलं. ती बराच वेळ चावत राहिली.

"मले काईच कळून नाई राह्यलं. आता तुमचं तुम्ही पाहा."

बाबांनी खुडणी केलीच नाही. वेलावरची पानं पिवळी पडायला लागली तरी नाही. मला त्यांचा रागही येई आणि त्यांची कीवही येई.

त्याच सुमारास कॉलेजात आम्ही दोन्ही पानांचं तेल वाफेवर काढलं. कपुरीचा वास मवाळ निघाला. बंगल्याचा नाकात घुसला, कारण लवंगेत असतं ते तिखट द्रव्य त्यात कितीतरी जास्त. माझ्या मनात आलं, चव कळत नसेल, पण झोंबलेलं तरी कळेल. उरलेली बंगला पानं मी डब्यात लपवून घरी आणली.

पान हातात घेताच आईच्या बोटांना जाड शीर लागली. "हा बंगला हाय नं वं?"

"औषध समजून खा," मी म्हटलं.

तिने तोंड वाकडं करून चावलं. मग चावणं थांबलं आणि तिचे डोळे भरून आले.

"अहो, झोंबलं मले," ती बाबांना म्हणाली आणि हसायला लागली.

बाबा उठून बाहेर गेले. घरात बंगला आणला म्हणून रागावले असतील, या भीतीने मी मागे गेले. ते ओसरीवर बसून उपरण्याने डोळे पुसत होते.

पुढे हळूहळू आईची चव परत आली. उरल्यासुरल्या कपुरीची खुडणी तिने सांगितल्या दिवशी झाली, आणि बंगल्याला नावं ठेवणंही सुरू झालं. पण त्या वर्षी बाबांनी कुठूनसा बंगल्याचा वेल आणून मळ्याच्या कडेला लावला. आईने तो पाहिला तेव्हा ते वेल आधाराच्या शेवरीच्या झाडाला बांधत होते.

"आता तं मले सगळं कळते. मंग हे पत्रावळ कायले?"

बाबांनी मान वर केली नाही. "राहू दे. पुन्हा ताप आला तं?"