पायाखालची माती

टेलरबाईंचं पायमशीन लग्न झाल्यापासून येण्याजाण्याच्या वाटेत होतं. घरातला प्रत्येक जण त्याला अडखळायचा आणि वर बाईंनाच बोल लावायचा. खटखट वाढली की सासूबाई आपल्या खोलीत काठी आपटायच्या. त्याचा अर्थ एकच, बंद कर ते.

म्हणून बाईंनी तळघर मागून घेतलं. जागा ऐसपैस होती, पण ताठ उभं राहिलं की डोकं तुळईला लागायचं. जमीन खोल करायची ठरली. गवंडी जागा पाहून गेला; दुसरं काम उरकून तो येणार होता. जाताना उंबऱ्यातून म्हणाला, "हवं तर थोडं खणून ठेवा. पण बाई, पायाखालची माती काढू नका."

बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी मान डोलावली आणि निरोप जसाच्या तसा नवऱ्याला दिला. नवरोबा तळघराच्या मधोमध कुदळ घेऊन उभे. त्यांनी आपल्याच पावलांकडे पाहिलं.

"पायाखालची नाही ना? बरं!"

मग त्यांनी चालायची मधली जागा तेवढी राखली आणि भिंतीच्या कडेकडेनं सरळ चर खणला. हौशी माणसाच्या हाती कुदळ, म्हणजे विचारायलाच नको. बाईंना वाटलं, चला, एकदाचं काम तरी होतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई तळघरावरच्या आपल्या खोलीत होत्या, आणि खोलीचं दार उघडेना.

"कडी अडकली असेल," नवरा म्हणाला.

कडी मोकळी होती. चौकटच दारावर बसली होती, आणि वरच्या कोपऱ्यातून भिंतीत केसाएवढी भेग निघाली होती. बाई धावत तळघरात गेल्या. चरात वाकून पाहिलं तर पायाचा सगळ्यात खालचा दगड अधांतरी, हात घातला तर आरपार जाईल असा. पायाखालची वाळू सरकली, असं लोक उगाच म्हणतात; इथे पायाखालची माती घरधन्यानं स्वतः घमेल्यांनी उपसली होती. शिलाईला म्हणून सोडलेलं कापड कधी कापायचं नाही, हे बाई हाताखालच्या पोरींना कानीकपाळी ओरडून सांगत. आणि इथे त्यांच्याच घराच्या शिलाईत कातरी गेली होती.

"अहो, हे काय करून ठेवलंत!"

"तूच म्हणालीस, पायाखालची काढू नका!"

"घराचा पाया हो! तुमचे पाय नव्हेत!"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो वर जाऊन दाराला खांदा लावणार, तोच बाई ओरडल्या, "धक्का देऊ नका! आई त्याच भिंतीपाशी आहेत!" खिडकीला गज होते. दुसरी वाट नव्हती.

फोनवर गवंडी हबकलाच. "माती परत भरा! दगडाखाली गच्च बसवा. निघालोच मी!"

नवरा अंगणातून घमेली आणू लागला. बाई चरात गुडघ्यांवर बसून मूठमूठ माती दगडाखाली कोंबू लागल्या. वरून बारीक चुना खांद्यावर सांडत होता. बाईंना भयंकर भीती वाटत होती, सासूची आणि स्वतःचीही. भिंत बसली असती तर दोघी एकाच ढिगाऱ्यात.

तेवढ्यात वर काठी वाजली. टक, टक.

बाईंचं डोकं फिरलं. या घटकेलाही तक्रार? पण काठी थांबेना. आणि आवाज नेहमीच्या जागेवरून येत नव्हता. तो भिंतीपासून दूर, पलीकडच्या कोपऱ्यातून येत होता. एक ठोका, थोडी उसंत, पुन्हा एक. बाईंचे हात त्या ठोक्यावर चालू लागले.

गवंडी आला, त्यानं तुळईला टेकू दिले, राहिलेली माती ठोकून बसवली आणि मगच दाराची कड तासून दार मोकळं केलं. सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी सुनेचे मातीनं भरलेले हात पाहिले.

"आई, काठी कशाला आपटत होतात?"

"तू खाली होतीस ना? मी गप्प बसले असते, तर तुला वाटलं असतं, गेली म्हातारी. हात गळाले असते तुझे."

बाईंना रडू फुटलं.

तळघर पुढे झालं. मध्ये खोल, आणि भिंतीलगत मातीचा रुंद ओटा, त्याला कुणी हात लावायचा नाही. कुठलाही निरोप दिला की बाई नवऱ्याला विचारतात, "काय ऐकलंत, सांगा बघू." मशीन बराच वेळ थांबलं की वर काठी वाजते. टक.

बाई हातातलं काम सोडून मशीनचा पायटा दोनदा हलवतात.