वखारवाल्याकडचा चहा

ओल्या बाभळीचा धूर नाकात गेला की माझं डोकं आजही तापतं. कळंबला रस्त्याच्या कडेला माझी शेवेची भट्टी होती. स्वस्त सरपणासाठी मी बेल्ह्यापर्यंतच्या वखारी पालथ्या घातल्या, तेव्हा एका वखारवाल्यानं निम्म्या भावात बाभळीचे ओंडके दाखवले. एक उचलायला गेले, तर उचलेना. "मावशी, जड हाय म्हंजी कस हाय त्यात," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. वजनावर लाकूड घेताना ते इतकं जड का, हे विचारायची अक्कल माझ्यासारख्या शहाणीला कुठून असणार! टेम्पोत ऐटीत बसून घरी आले. दुसऱ्या दिवशी लग्नाची शेव तळायची होती. भट्टी नुसती धुमसली, ओंडक्यांच्या टोकांना फेस आला, तेल तापेना आणि शेवेचा तेलकट लगदा झाला. "मालकीणबाई, जाळ कुठंय?" नवरा खोकत म्हणाला. लग्नवाल्यांनी दुसरीकडून शेव नेली. तशीच उठले, सगळं लाकूड वखारीच्या दारात ओतलं, तीन दगड मांडले आणि ओरडले, "कर ह्याच्यावर चहा! प्यायल्याबिगर हलणार न्हाई मी." फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले, गिऱ्हाइकं हसायला लागली, पण पाणी काही उकळलं नाही. आता भट्टी सून बघते. परवा तिला जवळजवळ फुकट विजेचं सांगत सोलरवाला एजंट आला. मी म्हणाले, "राव, आधी तुमच्या त्या विजेवर चहा करून पाजा. एकाकडचा माझा अजून यायचाय."