ओढणीच्या रंगाची गाडी

मोहनबाईंचं नाव निघालं की जळगावातले लोक अजून त्या गुलाबी गाडीची आठवण काढून हसतात. मला मात्र हसू येत नाही. ती गाडी मी चालवायचो, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

मोहनबाई शिरपूरच्या, जळगावच्या भिकमचंद शेठना दिलेल्या. सरकी-ढेपेचा व्यापार, घर मारवाडी, शिस्त कडक. शेठनी अठ्ठावन्न साली फियाट घेतली तेव्हा रंग कुठला घ्यायचा ते बायकोला विचारलं. त्या घरात बायकोला काही विचारणं हीच मोठी बातमी होती. बाई म्हणाल्या, लाल. घरात त्यांचा पदर नाकापर्यंत असायचा, पण गाडीने एरंडोल मागे टाकलं की तो मागे सरायचा. शेठ म्हणायचे, "गिरधर, सावकाश घे. बाईंना कपाशी बघू दे." मी सावकाश घ्यायचो.

सहासष्टच्या उन्हाळ्यात शेठ बसल्या जागी गेले. यांच्यात नवरा गेलेल्या बाईने काही महिने अंधाऱ्या खोलीत कोपरा धरून बसायचं असतं. मग मुहूर्त बघून पहिलं पाऊल बाहेर टाकायचं, तेही माहेरी जायला. बाईंनी एवढ्या महिन्यांत एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकाच्या कुंदाबाईच्या तोंडून निरोप आला: शिरपूरला जाईन ती आपल्याच गाडीतून.

यावर बाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, अमृतलाल जे काही बोलले ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. "लाल गाडीत विधवा? समाजात मी तोंड कसं दाखवू?" पण दारात गाडी असताना बाईला एसटीने धाडलं तर तीही शोभाच. म्हणून गाडीचा रंग बदलायचं ठरलं.

पेढीवरच्या गादीवर पाच-सहा पुरुष लोडाला टेकले आणि सुपाऱ्या कातरत रंग निवडायला लागले. पांढरा नको, दवाखान्याची गाडी वाटेल. निळा नको, फार हसरा आहे. ज्या बाईची गाडी ती भिंतीपलीकडे बसलेली, तिला विचारायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शेवटी अमृतलालना सुचलं. त्यांनी बायकोला आत पाठवून मोहनबाईंच्या अंगावरच्या ओढणीची एक पट्टी कापून आणवली. मळकट बदामी रंगाची. "याला जुळवून आण," म्हणून ती माझ्या हातात दिली. बाईच्या अंगावरचे सगळे रंग काढून घेतले आणि जो उरला त्यालाही कात्री लावली! ती चिंधी खिशात घालताना मला शिसारी आली.

धुळ्याला आग्रा रोडवर सुपडू पेंटर ट्रकांना आणि गाड्यांना रंग मारायचा. अमृतलाल स्वतः सोबत आले होते. सुपडूने बॉनेटवर नख ओढून पाहिलं आणि मान हलवली.

"शेठ, हाऊ लाल दबस नही. वर काहीबी मारा, तो फुटी निंघस. बठ्ठा खरडीसन पत्रा उघडा कराना पडी."

"मुहूर्त तोंडावर आलाय," अमृतलाल म्हणाले. "सगळं खरडत बसू नकोस, वरूनच मार. मला शिकवू नकोस."

सुपडूने खांदे उडवले. ओला रंग फसवतो, म्हणून तो मिश्रणाचा एक हात टिनाच्या तुकड्यावर मारायचा, उन्हात वाळवायचा आणि शेजारी चिंधी धरायचा. जरा काळा घाल, जरा पिवळा घाल, पुन्हा वाळव. शेवटी रंग इतका जुळला की चिंधी टिनावर टाकली तर दिसेना. अमृतलाल खूश झाले. मी बाहेर जाऊन थुंकलो.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी सगळं गोत दारात जमलं. मी गाडी अंगणात आणली आणि लोक खुदुखुदु हसायला लागले. बॉनेटवर, टपावर, दारांवर गोवर उठल्यासारखे गुलाबी चट्टे फुटले होते. खालचा लाल वर आला होता.

"मागे घे ती गाडी!" अमृतलाल ओरडले. "एसटीने जाईल ती."

तेवढ्यात मोहनबाई उंबऱ्यात आल्या. गाडीपाशी गेल्या आणि एका चट्ट्यावर त्यांनी तळहात ठेवला. जेठाशी बोलायची त्यांच्यात रीत नाही. इतक्या वर्षांत अमृतलालनी त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गिरधरभाऊ, जेठजींना सांगा, रंग त्यांनीच निवडला. माझ्याच ओढणीचा आहे. मग मी यात का बसू नये?"

अमृतलाल माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे तोंड करून शब्दन् शब्द पुन्हा म्हटला, सावकाश. भावकी ऐकत होती. ओढणी कापून आणली हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. एक म्हातारी "शी!" म्हणाली. मी दार उघडलं, बाई बसल्या.

एरंडोल गेलं तसा पदर मागे सरला. धुळ्यात बाई म्हणाल्या, "रंगवाल्याकडे घ्या." तिथे त्या खाली उतरल्या, डिकीच्या कडेचं रबर त्यांनी स्वतः उचकटलं. त्याखाली ऊन न लागलेला लाल होता, अठ्ठावन्न सालचा. "असा हवा."

"बठ्ठं खरडू ना, अक्का?" सुपडूने विचारलं.

"सगळं."

बाई शिरपूरला राहिल्या ते राहिल्याच, आणि गाडीही तिथेच राहिली. रंगाचं काम झाल्यावर त्यांनी मला एकदा जळगावला पाठवलं. अमृतलाल गादीवर बसले होते. मी सुपडूचा टिनाचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला, लालभडक, आणि निरोप सांगितला: "बाई विचारतात, रंग जुळला का?"