उशिरा आलेली जुनी बातमी

परवा बाजाराच्या दिवशी आमच्या घरातलं एक लग्न मोडता मोडता राहिलं... आणि ते वाचलं माझ्या संशयी स्वभावामुळं. घरात याचं श्रेय मला कोणी देणार नाही, म्हणून इथं लिहून टाकते.

मी तळेगाव ढमढेऱ्यात सासरी राहून घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. घरात मला फौजदारीणबाई म्हणतात. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी जरा जास्त दूध घातलं तरी मी विचारते, का हो, आज काय विशेष?

आमचं सॉफ्टवेअर एकाकडून दुसऱ्याकडं पैसे पोचवतं, मधल्या चार जणांच्या हातून. त्यासाठी कोण कोणाशी जोडलंय, कुठली वाट चालू आहे, कुठली बंद, याचा मोठा नकाशा डेटाबेसमध्ये ठेवावा लागतो. हा नकाशा वरून कोणी देत नाही. शेजारी शेजाऱ्याला सांगतो, अमुक वाट बंद झाली बरं का... आणि बातमी पसरत जाते. अगदी गावासारखी!

टीममधल्या निखिलनं हा डेटाबेस नव्यानं लिहिला. जुना कोड म्हणजे नुसती अडगळ होती, हा एकदम लख्ख. आणि पहिल्याच फटक्यात सगळ्या टेस्ट हिरव्यागार, म्हणजे पास... तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परवा सकाळपासून मी त्या कोडच्या मागं लागले. एक ट्रायल पेमेंट सारखं एका बंद वाटेवर जाऊन आपटत होतं. बंद झाल्याची बातमी आमच्याकडं पोचली होती, तरी नकाशात वाट चालूच. मला खात्रीच वाटली, निखिलनं घाईत काहीतरी दडपलंय.

दुपारी सापडलं. 'वाट चालू आहे' ही जुनी बातमी लांबचा वळसा घेऊन 'बंद झाली'च्या नंतर पोचली होती. बातमी कधी निघाली ती वेळ तिच्यावरच लिहिलेली असते. जुना कोड ती बघायचा आणि शिळी बातमी टाकून द्यायचा. साफसफाईत तेवढी एक अट उडाली होती आणि नवा कोड जो शेवटी बोलेल त्याचंच खरं धरत होता. टेस्टमधल्या बातम्या शहाण्यासारख्या क्रमानं यायच्या, म्हणून सगळं हिरवं! पोरानं काहीच दडपलं नव्हतं.

मी निखिलला मेसेज टाईप करतेय तोवर माझे सासरे, आबा, बाजारातून आले. पिशवी ओट्यावर आपटली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"त्या यवतच्या पोराला कंपनीनं काढलाय. घरी बसलाय म्हनं. आपल्याला फसवत्यात."

यवतचा पोरगा म्हणजे माझ्या नणंदेचा, रूपालीचा, होणारा नवरा. साखरपुडा आठ दिवसांवर आलेला. सासूबाई लगेच म्हणाल्या, तरीच एवढी घाई चालली होती त्यांची! आणि खरं सांगते, मलाही पटलं. बघायला आला तेव्हाच त्याचे बूट जरा जास्तच चकाचक होते... रूपाली मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

आबांनी मध्यस्थाला नकार कळवायला फोन हातात घेतला. तेवढ्यात माझ्या डोक्यात कोडमधली ती उडालेली अट चमकली. मी विचारलं, "आबा, ही बातमी कधीची?"

"आजची. आत्ता बाजारात ऐकली."

"ऐकली आज. पण झाली कधी?"

आबा वैतागले. तरी सांगणाऱ्याला, म्हणजे राहू गावच्या एका पाहुण्याला, फोन लावलाच. त्यानं ते यवतमध्ये भाचीकडं ऐकलं होतं... कधी? तर बाळाच्या बारशाला. आणि ते बाळ आता भिंत धरून उभं राहतंय!

मग उलगडा झाला. आधीची कंपनी सुटली आणि आता दुसरीकडं लागलोय, हे त्या मुलानं बघायला आला तेव्हा स्वतःच सांगितलं होतं. बातमी खरी होती, पण त्या पहिल्या नोकरीची. फिरत फिरत आमच्यापर्यंत आता पोचली.

आबांचं तरी समाधान होईना. तेव्हा रूपाली उठली, हात पुसले आणि सगळ्यांच्या देखत त्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. मागं मशीनची खडखड, आणि हा ओरडतोय, "शिफ्टवर आहे गं, सुट्टीत करतो!"

"आवाज तर कंपनीचाच हाय," आबा पुटपुटले. मला तर व्हिडिओ कॉलच करायला लावावंसं वाटत होतं, पण रूपालीचा चेहरा बघून गप्प बसले. तिनं मेथी पुन्हा पुढ्यात ओढली आणि मगच तिचे डोळे भरून आले.

निखिलला म्हटलं, अट परत घाल आणि शिळ्या बातमीची एक टेस्ट लिही. तिचं नाव आम्ही 'राहूचा पाहुणा' ठेवलंय. टीमला वाटतं, काहीतरी टेक्निकल असेल.

संध्याकाळी चहा घेताना आबा सहज बोलून गेले, "तुझं लगीन ठरलं त्या टायमाला बी एक जन आलता तुझ्याबद्दल काहीबाही सांगत. म्या ऐकलं आन् दिलं सोडून."

माझा कप हातातच राहिला. कोण? काय सांगत होता?

"आता कुठं ध्यानात हाय," म्हणाले आणि हसत गोठ्याकडं गेले. आबा कधी काही विसरत नाहीत हो...

तेव्हापासून माहेरचा एकेक माणूस डोळ्यांसमोर आणून बघतेय. पण एक कळतंय. आबांनी तेव्हा बातमी कधीची, खरी की खोटी, काहीसुद्धा विचारलं नव्हतं. नुसती सोडून दिली आणि मला घरात आणलं. मला हे जन्मात जमलं नसतं.

आबा, तुमचे उपकार आहेत माझ्यावर... फक्त तेवढं नाव सांगा.