मंडळाची मेल बंद केली तेव्हा

बोरीवलीत घराच्याच एका खोलीतून मी लोकांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळतो. आमच्या गावच्या मंडळाचं कामही माझ्याकडेच आहे. मंडळाची घाटकोपरला एक खोली आहे. गावाहून औषधपाण्याला किंवा नोकरी शोधायला आलेली माणसं तिथं उतरतात. मुंबईत आलो तेव्हा मीही तिथंच दाराशी चटई टाकून झोपायचो. हल्ली जागा मेल करून सांगून ठेवतात, कारण आईबापांची सोय बघणारी मुलं बहुतेक बोटीवर नाहीतर आखातात असतात.

एका सकाळी मंडळाच्या पत्त्यावरून लॉटरीच्या खोट्या मेल धडाधड जाऊ लागल्या. कुणीतरी पासवर्ड मिळवला होता. ते थांबवलं नसतं तर त्याच सर्व्हरवरच्या माझ्या बाकीच्या ग्राहकांच्या मेलही कुणी घेतल्या नसत्या. थांबवणं भागच होतं. पण फक्त जाणाऱ्या मेल अडवून चाललं असतं. मी घाईत मंडळाची सगळीच सेवा तात्पुरती बंद केली. येणाऱ्या मेलही परत फिरू लागल्या. आणि मंडळाच्या चिटणीस काकांना मी फोन केला नाही. काका दहा प्रश्न विचारतात, एवढंच कारण. सावकाश सांगू, म्हटलं, आणि दुसऱ्या कामाला लागलो.

दोन दिवसांनी काकांचाच फोन आला. "काय रे, गावात कोणी आजारीच पडत नाही वाटतं? एक मेल नाही!" मी काही बोलणार तोच म्हणाले, "थांब जरा, दारात कोणीतरी आलंय."

घाटकोपरच्या खोलीवर गावचं एक जोडपं आलं होतं. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. बोटीवरच्या मुलानं जागेसाठी मेल केली होती. ती परत आलेली त्यानं पाहिलीच नव्हती, आणि खोली तर भरलेली.

मी तडक घाटकोपरला गेलो. भिंतीवर फळा होता. 'चपला बाहेर काढाव्यात' याच्या खाली काकांच्या सुरेख अक्षरात मेलचा पासवर्ड: ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. हळदीकुंकवाचा फोटो याच फळ्यासमोर काढून गावभर पाठवलेला.

"काका, पासवर्ड फळ्यावर?"

"मंडळ सगळ्यांचं, मग पासवर्ड एकट्याचा कसा रे?"

मी म्हटलं, "मेल मीच बंद केली, काका. तुम्हाला फोन करायला हवा होता."

"हवा होता," काका म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमका खंय पण चलात रे झिला. ह्या दाराकडे पडान रवतलंव."

त्यांना दाराशी कसं झोपवणार? मी बायकोला फोन लावला. "मग आण ना! विचारतोस काय?" ती म्हणाली.

मी पिशवी उचलली. जिन्यापर्यंत पोचलो तोच मागून काकांची हाक आली. हातात खडू होता. "नवा पासवर्ड काय ठेवणार, ते तरी सांगून जा!"

डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत ती दोघं आमच्याकडे राहिली. आमची खोली त्यांना दिली, आम्ही हॉलमध्ये झोपलो. मेल मी दुसऱ्याच दिवशी सुरू केली. मुलाची पहिली मेल आली ती काकांनी मला पुढे पाठवली. त्यात त्यानं आईबापांची सोय केल्याबद्दल मंडळाचे आभार मानले होते. मी अजून त्याला खरं काय ते लिहिलेलं नाही.