डांगच्या जंगलात हळू आवाजात

लग्न होऊन मी नवागामला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या घरात रोज भांडणं होतात. नंतर कळलं, ही मंडळी नुसता चहा मागत असतात. सासऱ्यांची सगळी उमर पावरलूमच्या खडखडाटात गेली. त्यात कान गेले, आवाज तेवढा वाढला, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून सारं घर त्याच पट्टीत बोलू लागलं. आता मीही तशीच बोलते. माहेरचे लोक माझा फोन कानापासून लांब धरतात.

काम सुटल्यावर सासऱ्यांनी एकच हट्ट धरला. पिंजऱ्याबाहेरचं जनावर एकदा डोळ्यांनी बघायचं. प्राणिसंग्रहालयातला वाघ त्यांना मंजूर नव्हता. तो रात्रपाळीच्या माणसासारखा नुसत्या येरझारा घालतो म्हणे. म्हणून गेल्या हिवाळ्यात भाड्याची गाडी करून आम्ही चौघं डांगच्या डोंगरांत निघालो. जंगल बघायला लागतं ते सगळं बरोबर होतं: कळण्याच्या भाकरी, ठेचा, खमण, दोन प्रकारची शेव. दुर्बीण तेवढी घरी राहिली. वाटेतल्या व्यारा गावापर्यंत निम्मा डबा संपला, आणि घाट लागल्यावर सासूबाईंनी त्यातला बराचसा परत केला.

जंगलाच्या तोंडाशी एक वाटाड्या मिळाला. त्याने आधी गुजरातीत बजावलं, की हळू बोलायचं. सासऱ्यांनी विचारलं, काय म्हणतो? तो हळू बोला म्हणतो, असं आम्ही तिघांनी एकदम ओरडून सांगितलं. समोरच्या झाडावरची वानरं निघून गेली. पुढे एक मोरही आमचं बोलणं न आवडून गेला. मग नवऱ्याने वडिलांवर असे डोळे वटारले, की ते ओठ मिटून खाली मान घालून चालू लागले. मला नवऱ्याचा राग आला. ज्यांच्यासाठी आलो, त्यांनाच गुन्हेगार करून ठेवलं होतं.

ओढ्यापाशी सासूबाई थबकल्या. पलीकडे एक भेकर पाणी पीत होतं. त्या पूर्वी कारखान्यात डबा घेऊन जायच्या. तिथे हाक मारून उपयोग नसे, हात लावावा लागे. त्यांनी सासऱ्यांची हनुवटी धरली आणि तोंड तिकडे वळवलं. सासरे बघत राहिले. त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

नवऱ्यालाच राहवलं नाही. वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन तो आनंदाने ओरडला, “पप्पा, दिसनं का?”

भेकर एका उडीत गेलं. वाटाड्याने कपाळावर हात मारला. सासरे मात्र अजून ओढ्याकडेच बघत होते.

“दिसनं,” ते म्हणाले. “कान कसा टवकारेल व्हतात त्याना. त्याले समदं ऐकू येस.”

नवऱ्याने त्यांचा हात धरला. गाडीपर्यंत तो सोडला नाही.